प्रमाणपत्रावरचे टक्के आणि हातातलं काम

प्रश्न (थोडक्यात): माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. बी.कॉम. झालाय, टॅली येतं, एमएस-सीआयटी केलंय. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे नजर कमी आहे, अंधारात जवळजवळ दिसतच नाही. ६० टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. अर्ज पाहून बोलावतात, भेट झाली की ‘कळवतो’ म्हणतात. कायदा आहे, आरक्षण आहे, मग असं का? वडील म्हणतात सरकारी परीक्षाच देत राहा. आईला वाटतं दुकान टाकून द्यावं. शिवाय नोकरी लागली तर अनुदान बंद होईल ही भीती घरात आहेच. आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो.

उत्तर:

ताई, ‘कळवतो’चा अर्थ तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. पण समोरचा माणूस नाही का म्हणाला, ते नीट पाहायला हवं, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर ठरतात. दिव्यांग उमेदवार आणि मालक यांची गाठ घालून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यात एक गोष्ट सतत दिसली. मालक, साहेब, डॉक्टर, घरचे, सगळेच प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांकडे बघून माणसाच्या कामाचा अंदाज बांधतात. ६० टक्के वाचलं की ‘म्हणजे काम ४० टक्केच होणार’ असा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. डॉक्टरने मोजलेली असते ती नजर. टॅलीत एंट्री किती वेगाने होते किंवा बँकेचा मेळ बसतो का, हे कुठल्याही मेडिकल बोर्डाने तपासलेलं नसतं.

हा आकडा किती तकलादू आहे ते एका उदाहरणात सांगतो. अपघातात एक डोळा कायमचा गेला आणि दुसरा ठणठणीत असला, तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ३० टक्के येतात. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात, म्हणून ते नाही. तोच डोळा कारखान्यात काम करताना गेला, तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात (२०२५ मध्ये त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) कमाईच्या क्षमतेतला तोटा ४० टक्के धरलेला होता. डोळा एकच आणि कागद दोन. यातल्या एकाही कागदावर तो माणूस लेथवर काम करत होता की हिशेब लिहित होता याची नोंद नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. २०१६ मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात त्यांचा ७७३ वा क्रमांक आला. रेल्वेची लेखा सेवा मिळाली होती, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन ती नाकारली गेली. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या आणि केरळमध्ये रुजू झाल्या. वर्षभरात त्यांच्या नजरेत काहीच बदललं नव्हतं. एका सेवेने टक्के पाहून दार लावलं, दुसरीने उघडलं, एवढाच फरक. अर्थात असं उदाहरण मी घरच्यांना जपून सांगतो, कारण त्यातून ‘मग तूही आयएएस हो’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

आता आकडे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१८ मध्ये दिव्यांग व्यक्तींची पाहणी केली. पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी जेमतेम २३.८ टक्के लोक काम करत होते किंवा काम शोधत होते. त्याच सुमारास एकूण लोकसंख्येत हे प्रमाण पन्नासच्या घरात होतं. गंमत म्हणजे दिव्यांगांमधला बेरोजगारीचा दर ४.२ टक्के निघाला, सगळ्या देशाच्या दरापेक्षाही कमी. हा आकडा दाखवून ‘परिस्थिती तशी बरी आहे’ असं भाषण ठोकणारे अधिकारी मी ऐकले आहेत. बेरोजगार म्हणून नोंद होते ती काम शोधणाऱ्याची. ज्याने शोधणंच सोडलं, ज्याला घरच्यांनी ‘कशाला दगदग, बस घरी’ म्हटलं, तो या दरात येतच नाही. तीन चतुर्थांश माणसं अशी मोजणीबाहेर राहतात. बायकांचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत दिव्यांग पुरुषांपैकी ४७ टक्के काम करणारे होते, स्त्रियांपैकी २३ टक्के. तुमचा भाऊ अजून अर्ज करतोय, म्हणजे तो त्या थोड्या लोकांमध्ये आहे. त्याला तिथेच टिकवणं हे घराचं पहिलं काम.

सरकारी नोकरीबद्दल वडिलांचं म्हणणं चूक नाही, पण अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांत ४ टक्के जागा राखीव ठेवल्या. एक टक्का दृष्टीसाठी, एक श्रवणासाठी, एक अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता अशा सगळ्यांमध्ये मिळून. म्हणजे तुमच्या भावाच्या वाट्याला शंभरात एक जागा. हे समांतर, म्हणजे जातीनिहाय प्रवर्गांच्या आत धरलं जाणारं आरक्षण असल्यामुळे ती जागा कुठल्या प्रवर्गात धरली जाईल हा आणखी वेगळा गुंता. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या वर्षावर जाते, आणि तेव्हाही मिळाला नाही तर पाच गटांमध्ये अदलाबदल करता येते. कागदावर ही चांगली तरतूद आहे. प्रत्यक्षात शेवटच्या एक टक्क्यातल्या मुलांच्या जागा त्या वाटेने निसटतात, असं मला वारंवार दिसलं आहे.

जाहिरात वाचताना एक गोष्ट जरूर पाहा. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी सुयोग्य अशा साडेतीन हजारांहून जास्त पदांची यादी प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक पदापुढे कामाला काय काय लागतं ते अक्षरांत लिहिलेलं असतं: एस म्हणजे बसून काम, एसटी उभं राहून, डब्ल्यू चालणं, आरडब्ल्यू वाचणं-लिहिणं, एसई बघणं. दिव्यांगत्वाच्या प्रकारांचीही अक्षरं असतात, बी म्हणजे अंध, एलव्ही म्हणजे अल्पदृष्टी. ज्या पदापुढे एलव्ही आहे त्यालाच अर्ज करा. अनेक मुलं सरसकट सगळीकडे फी भरत बसतात, मग कागदपत्र तपासणीत बाद होतात आणि खचतात. परीक्षेला लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागायचा असेल तर तो अर्ज भरतानाच मागायचा. परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखाशी हुज्जत घालून काही मिळत नाही. आणि ज्यांची टक्केवारी चाळीसच्या खाली आहे त्यांनाही सांगा: सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. तिथे उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, बोटं आखडायची, आणि लोकसेवा आयोग म्हणत होता की तुम्ही टक्क्यांत बसत नाही.

पण सरकारी परीक्षा ‘देत राहणं’ याचा मला धसका आहे. महाराष्ट्रात दिव्यांग उमेदवाराला वयाच्या ४५ पर्यंत सवलत असते. सवलत चांगल्या हेतूने दिली, पण त्यामुळे घरात कोणाला घाई वाटत नाही. बाकीची मुलं तिशीत परीक्षांचा नाद सोडून कुठेतरी चिकटतात. दिव्यांग मुलगा मात्र चाळिशीपर्यंत अभ्यासिकेत बसलेला दिसतो आणि बायोडाटावर अनुभवाच्या रकान्यात काही नसतं. तेव्हा परीक्षा द्या, पण नोकरी करत द्या.

आता खासगीकडे वळू. खासगी कंपनीत दिव्यांगांना आरक्षण आहे असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. कायद्याच्या ३५ व्या कलमात ५ टक्के हा आकडा आहे खरा, पण तिथे म्हटलंय ते इतकंच की मालकांनी तेवढी माणसं घ्यावीत म्हणून सरकार त्यांना प्रोत्साहन देईल. प्रोत्साहनाचा एक नमुना सांगतो. २००८ मध्ये अशी योजना आली की दिव्यांग कर्मचारी घेतला तर पहिली तीन वर्षं भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार विमा) यांतला मालकाचा हिस्सा सरकार भरेल, पगार २५ हजारांपर्यंत असेल तर. मी ज्या ज्या मालकांना हे सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि ज्यांनी आधी ऐकलं होतं त्यांना त्या कागदपत्रांचा कंटाळा होता.

कलम २१ मात्र कामाचं आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून जाहीर करायचं आहे, आणि खासगी आस्थापना म्हणजे फक्त कंपनी असं कायदा म्हणत नाही. सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना, सगळं त्या व्याख्येत येतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना जमतील अशी पदं, दिल्या जाणाऱ्या सोयी आणि समन्वय अधिकाऱ्याचं नाव असायला हवं. तुमच्या भागातली पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना यांना हे लागू होतं. बहुतेकांकडे हे धोरण नसतं. मुलाखतीत त्यावरून वाद घालू नका. पण अर्जासोबत ‘आपलं समान संधी धोरण कृपया पाठवावं’ अशी एक ओळ सभ्यपणे घातली की निदान कोणीतरी ते शोधायला उठतं. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांचं आणखी सोपं आहे. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात दिव्यांग कर्मचारी किती हे छापावं लागतं. अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. जिथे आकडा शून्याच्या आसपास आहे तिथे टपाल कशाला वाया घालवायचं? जिथे शे-दोनशे माणसं आहेत तिथे आधीच कोणीतरी दार ढकललेलं आहे.

लहान मालक नाही का म्हणतो? दुष्टपणा क्वचितच असतो. त्याला भीती वाटते. जिन्यावरून पडला तर? एंट्री चुकली आणि जीएसटीची नोटीस आली तर? नाही जमलं तर काढायचं कसं, लोक काय म्हणतील? हे तो बोलत नाही, कारण बोलणं वाईट दिसतं. म्हणून ‘कळवतो’. त्याच्या मनातले हे प्रश्न उमेदवारानेच काढून उत्तरासकट टेबलावर ठेवावे लागतात. हे अन्यायाचं आहे, मान्य. धडधाकट उमेदवाराला कोणी विचारत नाही की संध्याकाळी घरी कसा जाशील. पण नोकरी हवी असेल तर सध्या वाट हीच आहे.

बायोडाटावर वरच ‘६० टक्के दिव्यांग’ लिहू नका. मुलाखतीची वेळ ठरते तेव्हा निरोपात हे लिहा, असंच, त्याच्या शब्दांत:

‘माझी नजर कमी आहे. कॉम्प्युटरवर विंडोजमधलं मॅग्निफायर वापरून काम करतो, त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. टॅलीतल्या एंट्र्या, बँक रिकन्सिलिएशन आणि जीएसटीचं काम मी करतो. हाताने लिहिलेली बिलं फोनच्या कॅमेऱ्यावर मोठी करून वाचतो. अंधारात दिसत नाही म्हणून सकाळी लवकर येऊन उजेड असताना निघण्याची मुभा हवी. मुलाखतीत आपल्याच खात्यांवर तासभर काम करून दाखवायला तयार आहे.’

यात टक्का कुठेच नाही, कामं आहेत, आणि हवी असलेली सोय एकच, तीही फुकटातली. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. तासाभराचं प्रात्यक्षिक ठीक, पण ‘महिनाभर फुकट करून दाखव, मग बघू’ याला साफ नकार द्या. फुकटचा महिना संपतो आणि पुढचा फुकटचा माणूस येतो.

हे लिहायच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. नजर कमी असलेल्या हिशेबनिसाची अडचण स्क्रीनवर फारशी नसते, कागदावर असते. डिलिव्हरी चलनाची तिसरी प्रत कार्बनची, गुलाबी कागदावर फिकट जांभळी अक्षरं. पेट्रोलपंपाची पावती थर्मल कागदाची, चार महिन्यांत कोरी होते. आडतीच्या पट्टीवर हमाली-तोलाईचे आकडे पेनाने खरडलेले. असे वीस-पंचवीस कागद घरी जमवा आणि त्याला एंट्र्या करायला लावा. कुठला कागद अडतो ते कळेल. कार्बनच्या प्रतीचा फोटो काढून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला की बहुतेक वेळा काम भागतं, नाही भागलं तर मूळ प्रत मागून घ्यायची पद्धत लावता येते. खिडकी पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चकाकी येते, टेबल फिरवून घ्यायचं. असल्या चार गोष्टी मालकाला आधी सांगितल्या तर तो दबकतो. त्याच प्रात्यक्षिक करताना सहज सांगितल्या तर मान डोलावतो.

कुठे शोधावं? माझं मत विचाराल तर सुरुवात सीएच्या ऑफिसात. काम स्क्रीनवर असतं, साहेबाला माणसांची कायम चणचण असते, आणि दोन वर्षांत अनुभव असा मिळतो की पुढे कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलांचं बिलिंग आणि विम्याचे क्लेम हेही बघण्यासारखं, फक्त दिवसपाळी मिळाली पाहिजे. साखर कारखान्यात लेखा विभाग चालेल. काट्यावर नको, हंगामात तिथे रात्रपाळ्या लागतात. घर ते काम हे अंतर पगाराइतकंच महत्त्वाचं धरा. डिसेंबरात सहा वाजता अंधारतं आणि एसटी स्टँडवर बसची पाटी वाचताना माणूस रडकुंडीला येतो. सातशे रुपये कमी पगार पण चालत जाण्याइतकं जवळ, तर जवळचं घ्या. मुंबईला राहायची सोय असेल तर सायनला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तिथे तपासणी, प्रशिक्षण आणि नोंदणी होते. रोजगार मेळाव्यांना जायला हरकत नाही, पण फोटो काढून परत येऊ नका. ज्याने बायोडाटा घेतला त्याचं नाव आणि फोन लिहून घ्या आणि आठवड्याने फोन करा.

एकदा आत शिरल्यावर कायदा जास्त जोर धरतो, निदान सरकारी आस्थापनेत. कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा पद तयार करायचं. तुमच्या भावासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण त्याचा आजार हळूहळू वाढणारा आहे. खासगीत हे कवच नाही. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली बोटं गेलेली किती तरी पोरं भरपाई घेऊन गावी परतली, आणि त्याच कंपनीत स्टोअरमध्ये किंवा गेटवर त्यांना जागा होती. म्हणून खासगीत असतानाच भावाने स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, शिकून ठेवावा. एनव्हीडीए फुकट मिळतो, नजर आहे तोवर शिकायला सोपा जातो. नजर गेल्यावर शिकणं आणि नोकरी वाचवणं एकाच वेळी फार कठीण होतं.

अनुदानाचं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. महिना आठ हजारांची नोकरी लागली की ती ओलांडली जाते, म्हणजे भीती खोटी नाही. दीड हजाराचं अनुदान २०२५ मध्ये अडीच हजार झालं, त्यामुळे ती वाढलीही आहे. पण हिशेब मांडून बघा. आठ हजार मिळवायला अडीच हजार सोडले तरी साडेपाच हजार वर राहतात. त्यातून प्रवास वजा केला तर फायदा खरंच लहान दिसतो, आणि म्हणूनच अनेक घरं ‘नकोच ते’ म्हणतात. फरक तिसऱ्या वर्षी दिसतो, पगार पंधरावर जातो तेव्हा. नोकरी लागली तर तहसील कार्यालयात स्वतः कळवा, लपवू नका. वसुलीची नोटीस आली की घरात सगळे पुन्हा नोकरीलाच दोष देतात. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा) आणि एसटीच्या सवलतीचा या उत्पन्नाशी संबंध नाही, ते चालू राहतं.

राहिलं दुकान. दिव्यांगाला दुकान टाकून देणं ही जुनी रीत आहे. एके काळी एसटीडी-पीसीओचे बूथ दिव्यांगांना प्राधान्याने मिळायचे, त्यावर संसार उभे राहिले. मोबाईल आला आणि काही वर्षांत सगळे बूथ कपाटासारखे बंद झाले. अंध टेलिफोन ऑपरेटरांचंही तेच झालं. एकाच ठरावीक धंद्यात सगळ्यांना बसवलं की तो धंदा बुडताना सगळे बुडतात, म्हणून ‘दिव्यांगांचा धंदा’ असा शिक्का असलेल्या कुठल्याही योजनेकडे मी संशयाने बघतो. किराणा दुकान तसं वाईट नाही. पैसे जमा झाले की बोलून सांगणारा यूपीआयचा डबा आहे, नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ ॲप आहे. राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करता येईल. पण उधारीची वही सांभाळणं, पहाटे माल आणणं, अंधार पडल्यावर दुकान उघडं ठेवणं हे कोण करणार ते आधी ठरवा. नाहीतर कर्ज त्याच्या नावावर आणि गल्ला भावजीच्या हातात, असं होतं.

आणि एक. तुमच्या प्रश्नात वडिलांना काय वाटतं ते आहे, आईचं आहे, तुमचंही आहे. त्याला स्वतःला काय करायचंय ते मला कुठे सापडलं नाही. पुढचा प्रश्न त्यालाच लिहू द्या.